बुलबुल नव्हे

आखाडा बाळापुरात माझ्या शेजारी एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंट्रोलर एकटे राहत. नव्वदच्या दशकातली गोष्ट. हिवाळ्यात त्यांच्या लिंबावर स्वर्गीय नर्तक या माशीमाराची मादी यायची. मी दवाखान्यात नर्स. ड्यूटीला निघाले की ते भिंतीवरून हाक मारायचे.

"शिस्टर, हे कोन्तं पाखरू?"

"बुलबुल."

"न्हाई! काळं डोकं, तुरा, बराबर. पण पाठ पाहा, विटकरी. बुलबुलाच्या बुडाला लाल ठिपका राहते, हिला न्हाई. अन् बुलबुल जोडीनं फिरतेत, ही एकटीच माशा धरून राहिली. बराबर?"

स्टँडवर गाडी पुकारावी तसं रोज हेच, त्याच सुरात. दिवसभरात त्यांचं बोलणं काय ते एवढंच. एकदा मला उशीर होत होता, म्हणून त्यांनी विचारताच सांगून टाकलं, "माशीमार. पाठ विटकरी, लाल ठिपका नाही."

"बराबर," ते म्हणाले. "आता सांगायचं काय राहिलं?" आणि आत गेले.

पुढे कितीतरी दिवस हाक आली नाही. शेवटी मीच भिंतीपाशी थांबले.

"काका, तारेवर शेपटी उडवतेय ती चिमणीच ना?"

"चिमणी? काहून चिमणी?" आतून आवाज आला. "थांबा शिस्टर, चष्मा घेऊन येतो. जाऊ नका."