चाचांना बाग सगळीच द्यायची होती

चाचांच्या बागेत आज जेसीबी घुसला.

आणि आजच चाचांना जाऊन वर्ष झालं. काय मुहूर्त काढलाय लोकांनी!

मांजरसुंब्याच्या फाट्यावर सीताफळाचा गाडा लावणारे चाचा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असतील.
कुणी फळ दाबून बघितलं की ओरडायचे, "फळ हाय बे ते, गाडीचा हॉर्न न्हाई!"

त्या गाड्यावरचं फळ त्यांच्या स्वतःच्या बागेतलं असायचं. डोंगराच्या अंगाला, हायवेला लागून. मी एम.एस्सी.च्या फील्डवर्कला तिथंच गेलते.

मी युसूफ वडगावकडची, मेंढरंवाल्या घरातली. हे कळल्यावर चाचांनी डोक्याला हात लावला.
"मेंढक्याची पोरगी बागेत शिरली! आता पाला राहतो का माझा?"
मी म्हटलं, "चाचा, सीताफळाच्या पाल्याला मेंढरं तोंड लावत न्हाईत."
"लई हुशार हाय गं तू," म्हणाले, आणि पहिलं फळ फोडून हातावर ठेवलं.

पण माझं काम अडायचं. सीताफळाच्या फुलाचं परागीकरण पहाटे करावं लागतं. माझी पहिली बस यायची तोवर ऊन चढलेलं.
चाची आधीच गेलेली. एकट्या माणसाच्या बागेत मी राहणार कशी? लोकांची तोंडं कोण धरणार?

चाचांना ते फार लागायचं. "पोरगा असतीस तर चटई टाकून इथंच पडली असतीस. तुला कुठं ठेवू बेटा?"

थेसिस कसाबसा झाला. पुढं मला त्याच युनिव्हर्सिटीत नोकरी लागली.
एक दिवस चाचांचा फोन.
"बेटा, मला लेकरू न्हाई. माझी बाग तुमच्या युनिव्हर्सिटीला घेऊन टाका. तिथं दोन खोल्या बांधा. पोरी राहतील, पहाटे उठून फुलं बघतील."



मी त्यांना वकीलसाहेबांकडं नेलं. वकीलसाहेब त्यांच्याच समाजातले, जुने जाणते. त्यांनी शांतपणे समजावलं, "चाचा, आपल्यात वसीयत करून बाहेरच्याला एक तृतीयांशच देता येतं. बाकीचं वारसांचं, म्हणजे तुमच्या पुतण्यांचं. सगळी बाग द्यायची असेल तर जिवंतपणी हिबा करा, बक्षीस द्या. पण मग ताबाही लगेच द्यावा लागेल."

आणि वर म्हणाले, "आज तिसऱ्या हिश्श्याची वसीयत तरी करून ठेवा."

चाचा भडकले.
"तिसरा हिस्सा? मग पोरीला काय सांगू, एक वर्ष शिक अन् दोन वर्षं घरी बस? देईन तर सगळी देईन!"
आम्ही सगळे हसलो. वकीलसाहेबसुद्धा.

युनिव्हर्सिटीची माणसं येऊन बाग बघून गेली. झाडाखाली चहा झाला. म्हणाली, तुम्ही सांगाल त्या दिवशी ताबा घेतो.

आणि इथं गाडी अडली.

आमच्याकडं फळ झाडावर असतानाच अख्खा बहार व्यापाऱ्याला विकतात. एकदा "दिला" म्हटलं की शेवटचं फळ उतरेपर्यंत बागेवर त्याचा हक्क. कागद नसतो, जबान असते. गाड्यापुरतं फळ ठेवून बाकीचा बहार चाचांनी त्या वर्षी असाच दिलेला.

वकीलसाहेब म्हणाले, "व्यापाऱ्याशी मी बोलतो. तो त्याचं फळ नेईल, तुम्ही ताबा देऊन मोकळे व्हा."
चाचांचं एकच. "झाडावर दुसऱ्याचं फळ असताना झाड दान देऊ? असलं दान अल्ला कबूल करंल का? बहार उतरू द्या. मग घ्या सगळी."
"मग तोवर वसीयत तरी..." मी म्हटलं.
"कावून घाई करता? मी काय मरायला टेकलोय?"

बहार निम्मा उतरला होता. चाचा सकाळी नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला बसले, ते परत उठलेच न्हाईत.

मातीला व्यापारी आला, लहान पोरासारखा रडला. नंतर राहिलेलं फळ उतरवून घेऊन गेला. त्याचं होतंच ते.

मी त्यांच्या एका पुतण्याला फोन केला. चांगला मुलगा आहे, उगाच खोटं कशाला बोलू?
म्हणाला, "ताई, चाचांनी तिसरा हिस्सा लिहून ठेवला असता तर कायद्यानंच तुमचा होता, कुणाची हिंमत झाली नसती. आता आम्ही पाच भाऊ. मी एकटा हो म्हणून काय होतंय?"

हायवेच्या कडेची जमीन. गिऱ्हाईक लगेच मिळालं. आता तिथं प्लॉट पडणार.

दुपारी मी जाऊन आले. रडू आलं न्हाई, राग आला. चाचांचाच आला. मेलेल्या माणसाचा राग धरू नये म्हणतात. पण मी काय करू?

एक तृतीयांश बाग, चाचा! दोन खोल्या बसून वर झाडंही उरली असती की हो!

व्यापाऱ्याचं एक फळ तुम्ही बुडू दिलं न्हाई. इमान तुमचं सोन्यासारखं. पण त्या इमानापायी पोरींच्या हातात काहीच पडलं न्हाई, हे तुम्हाला कोण सांगणार आता?

मागच्या आठवड्यात एक नवीन विद्यार्थिनी आली. सिरसाळ्याची. तिलाही सीताफळावरच काम करायचंय.
तिनं विचारलं, "मॅडम, बागेजवळ राहायची सोय हाय का?"

मी न्हाई म्हटलं.

चाचा, सलाम. लई आठवण येते तुमची.