मधल्या पेटीतली केळी

अभिमन झोपे सरांना आडनावावरून पोरांनी इतकं छळलं होतं, की वर्गात जांभई द्यायचीसुद्धा त्यांना चोरी झाली होती. रावेरजवळच्या एका खेड्यातल्या हायस्कुलात ते विज्ञान शिकवत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. माणूस भारी भिडस्त. दुकानदारानं कमी तोललं तरी ‘असू द्या’ म्हणणार, एसटीत कुणी नुसतं बघितलं तरी जागा सोडून उभा राहणार. भीड भिकेची बहीण, असं त्यांची बायको मंदाबाई उठता-बसता ऐकवी, आणि सर तेही मुकाट ऐकून घेत.

अशा माणसाच्या हातून अठ्ठ्याऐंशी साली एक मोठं काम होऊ घातलं होतं. दहावीत संघमित्रा तायडे नावाची मुलगी होती. तिचा बाप वना केळीचे ट्रक भरायला जाई. पिकलेलं केळं कच्च्यांत ठेवलं की बाकीचीही भराभर पिकतात, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. पण ‘का?’ असं संघमित्रानं विचारलं, आणि सरांना इतका आनंद झाला की त्यांनी घंटा झाली तरी वर्ग सोडला नाही. पिकलेल्या फळातून एक वायू निघतो, तो बाकीच्यांना पिकवतो, हे दाखवायला दोघांनी काचेच्या झाकणाच्या तीन पेट्या केल्या. पहिलीत नुसती कच्ची केळी. मधलीत कच्च्यांबरोबर एक पिकलेलं. तिसरीतही तसंच, पण तिला वारा खेळायला भोकं. पिवळी व्हायची ती फक्त मधली.

तालुक्याला नंबर आला, जळगावला जिल्ह्यात आला. तिथं बक्षीस द्यायला सुगनचंद शेठ होते. त्यांच्या समाजाचं मुलींचं वसतिगृह होतं. स्टेजवरूनच ते म्हणाले, ‘‘बेटी, धुळ्याला विभागात नंबर आण. अकरावी-बारावी आमच्याकडे राहा, जेव, शीक. एक पैसा घेणार नाही.’’ गावची शाळा दहावीला संपत होती, आणि जळगावात खोली करून पोरीला ठेवणं वनाच्या बापजन्मी शक्य नव्हतं. म्हणजे धुळ्याचा नंबर हेच तिचं कॉलेज होतं.

धुळ्याला ज्या शाळेत प्रदर्शन भरलं, तिथं कौतिक नावाचा शिपाई होता. भला माणूस, पाहुणचाराची भारी हौस. पेट्या उतरवतानाच त्यानं विचारलं, ‘‘काय सर, केळा लई उनात का?’’

सर हसले. ‘‘रावेरचा माणूस दुसरं काय आणणार? तुमचीच आहेत.’’

आता हे ‘तुमचीच आहेत’ म्हणजे काय, ते आपल्याकडे कुणाला सांगावं लागतं? घर दाखवताना म्हणतात, पोर दाखवताना म्हणतात. घर कुणी नेत नाही. पण केळ्यांची गोष्ट वेगळी. रावेरकडचा पाहुणा केळी घेऊनच येतो, आणि ती आपल्यासाठीच असतात, हे कौतिक जन्मापासून बघत आला होता.

तिसऱ्या दिवशी निकालाची तपासणी. त्या दिवशी नेमकी एकादशी. नाशिकहून आलेल्या मुख्य परीक्षकांना उपास निघाला, आणि नाश्त्याला तर पोहे. यजमान मुख्याध्यापकांची धावपळ उडाली. कौतिक म्हणाला, काळजी करू नका, आणि ताटलीभर पिवळीधमक केळी घेऊन हजर झाला.

सर आणि संघमित्रा चहा घेऊन टेबलाशी आले, तर मधली पेटी रिकामी. शेजारच्या दोन्ही पेट्यांत कच्ची केळी जशीच्या तशी. कौतिक दारातच होता, खुशीत.

‘‘सर, तुम्हनी लाज राखी! सायबले उपास व्हता. बठ्ठा केळा दिधात. रावेरना मानूस उना म्हन्जे काळजीच नही.’’

‘‘अहो, पण ‘हात लावू नये’ अशी पाटी...’’

‘‘ती पोरेंसकरता शे ना,’’ कौतिक म्हणाला.

ज्याला शिवी द्यावी तो समोर हात जोडून आभार मानतोय. बाजारातून पिकलेली केळी आणून ठेवावी, असं सरांच्या मनात येऊन गेलं, पण तेवढ्यात परीक्षक हॉलमध्ये शिरलेही. सर घाईघाईनं संघमित्राला म्हणाले, ‘‘बेटा, साहेबांनी खाल्ली असं काही म्हणू नको हं. खाल्लेलं काढू नये.’’

तसं वळणच होतं त्यांचं. वैऱ्याशी भांडावं, पण त्यानं आपल्या घरी काय खाल्लं ते काढू नये. त्याहून हलकं काम नाही. संघमित्रानं मान हलवली. सरांचं तिनं कधी मोडलं नव्हतं.

शिक्षकांनी दोरीबाहेर उभं राहायचं, बोलायचं नाही, असा नियम होता. परीक्षक आले, पेट्यांकडे बघून प्रसन्न झाले. ‘‘रावेरची का? वा! सकाळची केळी काय गोड होती!’’ मागे उभ्या मुख्याध्यापकांच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. त्यांचा चेहरा उतरला, आणि परीक्षकांच्या पाठीमागून त्यांनी झोपे सरांपुढे हात जोडले. सर ते जोडलेले हात बघत राहिले.

संघमित्रानं प्रयोग खणखणीत सांगितला. परीक्षक म्हणाले, ‘‘पण मधली पेटी रिकामी का?’’

तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी खाली पाहिलं.

‘‘पिकली होती, सर.’’

‘‘मग दाखव ना!’’

‘‘संपली.’’

‘‘म्हणजे प्रयोग तूच फस्त केलास होय?’’

सगळे हसले. मुलगी लालेलाल झाली, पण तोंडातून शब्द काढला नाही. आणि भीड इतकी वाईट, की सरसुद्धा थोडंसं हसले. त्या हसण्याची लाज त्यांना पुढे निवृत्तीनंतरही वाटे.

नंबर आला नाही. उत्तेजनार्थही नाही. परतीच्या एसटीत संघमित्रा खिडकीबाहेर बघत राहिली, आणि सरांनी पारोळा गेलं, एरंडोल गेलं तरी तिच्याशी बोलायला तोंड उघडलं नाही.

जळगावात उतरून सर सुगनचंद शेठना भेटले. शेठ हळहळले, पण म्हणाले, शब्द नंबरचा होता, आता कमिटीनं जागा दुसरीला दिली तर मी काय करू? तेही खरंच होतं. सगळ्यांचंच खरं होतं.

वनाच्या घरी जाणं टळण्यासारखं नव्हतं. सरांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. वनानं मधे एकदाही टोकलं नाही. मग विचारलं, ‘‘त्याइनंच खाल्ली, अन् तुम्ही त्याइले सांगितलं नाही?’’

‘‘खाल्लेलं कसं काढायचं, वनाभाऊ?’’

आवाज चढवायचा त्याचा स्वभावच नव्हता.

‘‘बरोबर हाये, सर. त्याइनं खाल्लेलं काढता येत नाही. माह्या पोरीच्या तोंडातला घास तेवढा काढता येतो.’’

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून संघमित्रा आली, त्यांच्यापुढं कपबशी ठेवली आणि म्हणाली, ‘‘घ्या ना सर, निवतो.’’

नको म्हणणं त्यांना तेव्हाही जमलं नाही. त्यांनी तो चहा घेतला.