रेड्याच्या दिवशी बंदूक कुणाकडे

मोसिदीच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती. बिबट्यानं नेली असं ती सांगायची, ते अर्धंच खरं होतं. बिबट्याची मादी टेबलावर गुंगीत होती, तिच्या जबड्यात लाकडाचा ठोकळा होता, आणि मोसिदीचा हात आत, सडलेल्या दाताशी. कुणा शिकाऊ डॉक्टरनं "झालं वाटतं" म्हणत ठोकळा काढून घेतला. बोटांचा कडकन आवाज सगळ्यांनी ऐकला. मोसिदीनं हात बाहेर ओढला, उजव्या हातानं त्या पोराच्या कानाखाली अशी वाजवली की तो पाण्याच्या हौदावर जाऊन आपटला, आणि मगच ती मटकन खाली बसली. बाई अशीच होती. आधी दुसऱ्याचा हिशोब, मग स्वतःचं रक्त.

लिम्पोपो नदीच्या काठचं ते अभयारण्य जनावरांचा दवाखाना होतं आणि जंगली जनावरांचे डॉक्टर घडवायची शाळाही. मोसिदी तिथे आली होती आंबवलेल्या ज्वारीचा घाटा ढवळायला. तिचा नवरा सेलेलो जनावरं धरणाऱ्या टोळीत होता. एका सकाळी नदीकाठी पाणघोड्यानं त्याला मधोमध धरलं. डॉ. सेबोनी, म्हणजे तिथले मोठे डॉक्टर, म्हणाले, "चादर उघडू नका." मोसिदीनं उघडली. नीट पाहिलं, झाकली, आणि दुःखाचे महिने संपल्यावर स्वयंपाकघरात परत न जाता सेलेलोच्या जागी जाऊन उभी राहिली. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि हाकलायची कुणाची छाती झाली नाही.

पुढे तीच टोळीची मुख्य झाली. शिकायला येणारी मुलंमुली तिला टरकून असत. एकदा गळ्यात फासाची तार रुतलेला तरस आणला होता. तार मांसात गडप झालेली, वर अळ्या वळवळत होत्या. एक उंच मुलगा तोंड फिरवून ओकायला लागला.

"ओकून झालं की ये," मोसिदी म्हणाली. "तो कुठे जात नाही. आणि दया घरी जाऊन कर. इथे चिमटा धर."

मुलानं चिमटा धरला. तार निघाली तेव्हा रक्ताची चिळकांडी त्याच्या तोंडावर उडाली, आणि मोसिदीनं आपल्या कमरेच्या फडक्यानं त्याचे डोळे पुसले. तिचं कौतुक एवढंच असे, पण ज्याला मिळे तो ते आयुष्यभर सांगत फिरे.

टोळीत एक जुनी वहिवाट होती. आपल्याकडे जसं देवक, तसं तिथे प्रत्येक कुळाचं एक जनावर. कुणी मगरीचा, कुणी हत्तीचा. आपल्या कुळाच्या जनावराला हात लावायचा नाही, त्याच्या कातड्यावर पाय द्यायचा नाही, त्याचं मांस खायचं नाही. मोसिदी रेड्याच्या कुळातली. रेड्याला तिथे 'नारे' म्हणतात, आणि तिचे म्हातारे चुलते केबोनांग तिला सकाळी भेटले की "कशी आहेस, नारे?" असंच विचारत. म्हणून रानरेडा बेशुद्ध करायचा असला की मोसिदी लांब उभी राहायची, आणि नुसतं उभं राहण्यापेक्षा काम व्हावं म्हणून मोठी रायफल तिच्या खांद्याला. हत्तीच्या दिवशी हत्तीच्या कुळातला माणूस रायफल घेई. बंदुकीनं जनावराला हात थोडाच लागतो? सगळ्यांना हे शहाणपणाचं वाटे. ज्याच्या हातून ते जनावर मरूच नये त्याच्याच हाती आपण बंदूक देतो आहोत, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण ती बंदूक कधी उडवावीच लागली नव्हती.

मग नामेत्सो शिकायला आली. मोसिदीची एकुलती एक मुलगी, जनावरांच्या कॉलेजातून शेवटच्या वर्षाला आलेली. कूळ बापाकडून येतं, आणि सेलेलो मगरीचा, त्यामुळे नामेत्सोला रेडा चालत होता.

"म्मा, इथे मी तुझी मुलगी नाही," तिनं आल्या आल्या बजावलं.

"बरं झालं," मोसिदी म्हणाली. "मुलीला मी मारत नाही."

टोळीतला ओतेंग पोट धरून हसला. पण त्या दिवसापासून मोसिदीची झोप उडाली हे त्यालाही दिसत होतं. नवरा गेला होता, बोटं गेली होती, त्याचं तिनं काही वाटू दिलं नव्हतं. या पोरीला काही होऊ नये, एवढंच तिचं जगाकडे मागणं उरलं होतं.

तो रेडा म्हातारा होता. मागच्या पायात फासाची तार रुतून पाय खुरापर्यंत सुजला होता आणि त्याचा वास लांबून येत होता. डॉ. सेबोनींनी गाडीतूनच भुलीची सुई डागली. सुई बरगडीवर वाकली आणि निम्मं औषध कातड्याखालीच राहिलं, हे नंतर कळलं. रेडा झुलत झुलत मोपानीच्या झाडाखाली बसला. ओतेंगनं डोळ्यांवर फडकं बांधलं, कानात बोळे घातले. नामेत्सो कातर घेऊन मागच्या पायाशी बसली. मोसिदी बाजूला, रायफल घेऊन.

तार तुटली तसा रेडा एकदम उठला. शिंगाला धरून बसलेला मुलगा चेंडूसारखा उडाला. मागची लाथ नामेत्सोच्या छातीवर बसली आणि ती पाठीवर पडली. बाकीचे गाडीकडे पळाले. फडकं एका डोळ्यावरून घसरलेलं, तोंडाला फेस, असा तो रेडा जागच्या जागी वळला आणि कपाळाची ती हाडाची ढाल तिच्या बरगड्यांवर आदळून तिला जमिनीत रेटू लागला. तिची किंकाळी अर्ध्यावर तुटली. मग त्यानं डोकं उचललं, तिच्या अंगावर उभा राहिला आणि फुरफुरला.

त्या घडीला तो पूर्ण बाजूनं उभा होता. कान, कानामागचा भाग, सगळं मोकळं. मोसिदीनं रायफल खांद्याला लावून नेम धरला होता.

गोळी आली नाही.

रेड्यानं मान खाली घातली. शिंग नामेत्सोच्या गुडघ्याच्या वर घुसलं, त्यानं झटका देऊन तिला उचललं, ती शिंगावरच फिरली आणि पाय फाटत गेला. तेव्हा गोळी सुटली. कानामागे, जिथे बसायला हवी तिथेच. रेडा गुडघ्यांवर आला आणि कोसळला. मोसिदी रायफल टाकून धावली, त्याच्या मानेवरून चढून पलीकडे गेली, आणि आठ बोटांनी तिनं मुलीच्या मांडीतली धमनी दाबून धरली. दवाखाना येईपर्यंत सोडली नाही.

नामेत्सो जगली. पाय मांडीपासून कापावा लागला.

"बंदुकीचा खटका अडकला," ओतेंग सगळ्यांना सांगत सुटला. "जुनी झाली आहे. मी किती दिवस म्हणतोय." डॉ. सेबोनींनी मान डोलावली. मोसिदी मूग गिळून बसली. पहिल्या धडकेत फक्त बरगड्या गेल्या होत्या. पाय दुसऱ्या धडकेत गेला. मधे गोळी बसायला जागा होती, आणि हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

केबोनांग काका काठी टेकत आले. "पोरी, तू नारेला मारलंस. त्याच्या अंगावरून चढलीस. चल, औषधाच्या पाण्यानं धुऊ तुला. कूळ समजून घेईल."

"मारल्याचं नाही धुवायचं मला, काका," मोसिदी म्हणाली. "थांबल्याचं धुता येतं का तुमच्या पाण्यानं?"

म्हाताऱ्याला अर्थ लागला असावा. तो काठी टेकत आल्या वाटेनं परत गेला.

नामेत्सो पुढच्या हिवाळ्यात राहिलेलं शिक्षण पुरं करायला आली, प्लास्टिकच्या पायावर खटखट करत. वहिवाट आता बदलली होती. रेड्याच्या दिवशी बंदूक ओतेंगकडे असे आणि मोसिदी ट्रकच्या चाकामागे बसे, काचा वर करून. पहिलाच रेडा पडला तेव्हा नामेत्सो त्याच्याकडे न जाता ओतेंगकडे गेली. त्याच्या खांद्यावरची रायफल काढून घेतली, ट्रकपाशी आली आणि काचेवर टकटक केली.

"घे."

"ओतेंगकडे असू दे."

"ओतेंगला चालता हत्ती दिसत नाही. घे, म्मा."

मोसिदीनं काच खाली केली. "त्या दिवशी खटका अडकला नव्हता."

"ठाऊक आहे. रेड्याच्या पायांच्या मधून तूच तेवढी दिसत होतीस. चापावर बोट होतं. ओठ हलत होते." नामेत्सोचा आवाज चढला नाही. "काय म्हणत होतीस?"

"नारेची माफी मागत होते."

"माझ्याआधी?"

मोसिदीला खोटं बोलायला हीच शेवटची संधी होती. "हो," ती म्हणाली.

नामेत्सोनं तोंड फिरवलं. तिकडे डॉ. सेबोनी ओरडत होते, औषध उतरेल म्हणून. तिनं बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा आईकडे वळली.

"मग आता माझी माग. आणि बंदूक घे. उशीर केलास, पण नेम चुकला नाही तुझा. या बाकीच्यांनी मलाच मारलं असतं."

मोसिदीनं माफी मागितली. कशी, ते ओतेंगला ऐकू आलं नाही, ती रडत होती एवढंच त्यानं पाहिलं. मग ती ट्रकमधून उतरली, रेड्याच्या कानाच्या रेषेत येऊन उभी राहिली आणि बंदुकीचा सुरक्षेचा खटका आधीच काढून ठेवला. प्लास्टिकच्या पायानं झटकन उठता येत नाही हे दोघींना ठाऊक होतं. नामेत्सो हातावर भार टाकत हळूहळू खाली बसली, रेड्याच्या डोक्याशी, आईकडे पाठ करून.