शांताक्कांची इलेक्ट्रिक गिटार

लोहाऱ्याहून आलेल्या जीपमधून उतरता उतरता कुणीतरी सांगितलं, "मुरुमच्या शांताक्का गेल्या." हातातली बाजाराची पिशवी खाली ठेवून मी तिथंच कट्ट्यावर बसले... त्याला आता महिना होत आला. रडले खूप. पण खरं सांगू? अक्का आठवल्या की आधी हसूच येतं.

अक्का दूध सोसायटीत नोकरीला होत्या. मी तेव्हा मुरुमलाच होते; आमची गल्ली एक, विहारातली गाण्याची पार्टीही एक. मी गायची, त्या पेटी वाजवायच्या. सोलापूरला वसतिगृहात शिकताना त्यांनी गिटारीवर हात बसवला होता, पण दुष्काळात सोसायटीचं दूधच आटलं आणि तो नाद मागं पडला. पुढं बरे दिवस आले, डेअरीत पुन्हा कॅन वाजू लागले, तेव्हा एके दिवशी अक्का एसटीतून उतरल्या त्या लालभडक इलेक्ट्रिक गिटार छातीशी धरून. दुकानातली सगळ्यात स्वस्त! तारा ताणायच्या खुंट्या ढिल्या, वायर खुपसायची जागा हलली की लाउडस्पीकरमधून नुसती खरखर. मी म्हटलं, "अक्का, ही तर खेळण्यातली वाटती." त्या हसल्या, गिटारीच्या लांब दांड्यावरून बोट फिरवलं. "लोखंड हलकं हाय गं हिचं. पर मान बघ कशी सरळ हाय, आवाज बघ. लोखंड बदलता येतं. मान वाकडी असती तर काय केलं असतं?"

खुंट्या बदलायच्या आतच लोहाऱ्याच्या जयंतीचं बोलावणं आलं. तिथल्या मंडळाच्या प्रमुखांनी गिटारीकडं पाहिलं, अक्कांकडं पाहिलं आणि म्हणाले, "एक गाणं म्हणा. जमलं तर पुढचं बघू." ऊन मरणाचं. दुसऱ्या कडव्याला तार उतरू लागली. अक्का वाजवता वाजवता खुंटी पिळायच्या, ती पुन्हा फिरायची. पुढं बसलेली पोरं खिदळायला लागली.

तेवढ्यात अक्कांचे मालक, भानुदासभाऊजी उठले. सोसायटीचा टेम्पो चालवणारा हा माणूस इतका लाजाळू, की लग्नातसुद्धा मांडवाच्या कडेला उभा राहायचा. ते टेम्पोतनं पक्कड घेऊन आले, सरळ स्टेजवर चढले आणि खुंटी पकडीत धरून मान खाली घालून उभे राहिले. अक्का हळूच म्हणाल्या, "जरा आवळा... बास, आता हलू नका." गाणं संपेपर्यंत भाऊजी खांबासारखे उभे! खिदळणारी पोरं टाळ्यांचा ठेका धरू लागली. शेवटी प्रमुखच ओरडले, "आणखी एक व्हऊ द्या! पर भाऊला खाली सोडू नका!"

त्या दिवशी आम्ही दिवेलागणीपर्यंत गायलो.

पुढं सोलापूरहून चांगल्या खुंट्या आल्या, वायरीची जागाही बदलली. नंतर पार्टीतल्या पोरांनी भारी भारी गिटारी घेतल्या. अक्का त्या कौतुकानं वाजवून बघायच्या आणि परत द्यायच्या. "झ्याक हाय. पर माझी काय वाईट हाय?" शेवटच्या काही वर्षांत त्यांची बोटं आखडली, खुंट्या फिरेनात. मग रोज संध्याकाळी भाऊजीच तारा लावून द्यायचे.

परवा भाऊजींना भेटायला मुरुमला गेले. चहा झाला. भाऊजींनी गिटार मांडीवर घेतली आणि कान लावून एकेक तार सुरात आणू लागले. त्यांना स्वतःला एकही गाणं वाजवता येत नाही. न राहवून मी विचारलं, "भाऊजी, आता वाजवणार कोण?"

"कुणी का वाजवंना," ते म्हणाले. "बेसूर ठिवली तर तुमची अक्का बोलंल मला."

आणि पुढची तार लावायला लागले.