आईच्या मनगटाचा कोन

अपंगत्वाचा दाखला हा हक्क आहे, मेहरबानी नाही. हे वाक्य माझं. तेर गावच्या बाजारात ते छापलेली पत्रकं मीच वाटलीत. खाली ठळक अक्षरांत: एजंट लावू नका, ढोंग करू नका, खरं तेच दाखवा.

मग माझ्या आईलाच दाखला काढायची वेळ आली. मळणीच्या वेळी ती सोयाबीनच्या पोत्यांवरून पडली. उजवं मनगट हाडवैद्यानं बसवलं, ते वाकडंच. दाखला मिळाला तर निराधारांचा पगार, म्हणजे सरकारची महिन्याची मदत, सुरू होणार आणि त्या हातानं लोकाच्या रानात खुरपणं थांबणार. एवढंच पाहिजे होतं. भाचीच्या कंपासपेटीतला कोनमापक लावून मी घरी मोजलं होतं. वीस अंशांच्या पुढं मनगट जातच नव्हतं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कोन मोजायचं दोन पट्ट्यांचं माप मनगटाला लावलं. "वाकवा मावशी. लावा जोर."

आईनं पदर सारखा केला. परक्यापुढं कण्हायचं नाही, खुरपताना पातीवर मागं पडायचं नाही, एवढंच ती आयुष्यभर शिकली. दात आवळून ती हात वाकवत गेली. वीस गेले. तीस. चाळीस.

"अजून येतंय?"

"येतंय की." कपाळावर घाम आला.

"दुखतंय का?"

"न्हाय बा."

डॉक्टरांनी पन्नास अंश लिहिले. एवढ्या वाकणाऱ्या हाताला दाखला मिळणार नव्हता.

मी उसळले. "साहेब, घरी वीसच्या पुढं जात नाही!"

"मग समोर दिसतंय ते लिहू, का तुम्ही सांगताय ते?"

रांगेतला एक म्हातारा हसला. "पोरी, शिकवून आणायचं आस्तंय!"

शिकवलं असतं तर ढोंग. नाही शिकवलं, तर हे. पुढचा नंबर पुकारला गेला.

"दुखत होतं ना? मग सांगितलं का नाहीस?" बाहेर येताच मी ओरडले.

"एवढा मोठा डाक्टर जोर लावा म्हणतोय, आन् म्या रडत बसू? नाटकी म्हणतेल लोक."

"परत अर्ज करू. तेव्हा जोर लावायचा नाही."

"बरं," ती म्हणाली. तिथं गेल्यावर ती पुन्हा हेच करणार, हे दोघींनाही माहीत होतं.

एसटीत तिनं डाव्या हातानं दांडा धरला. उजवा सुजायला लागला होता. खिडकीतून रानं बघत म्हणाली, "उद्या खुरपायला जावं लागंल. हात चांगला हाय म्हणले की."

माझ्या मांडीवर पत्रकांचा गठ्ठा होता. तिनं तो ओढून घेतला आणि सुजलेला हात त्यावर टेकवला.