थुंकीच्या बाटल्या

पोर दूध ओढंना. छातीला लावली की किंचाळायची, मान फिरवायची, अंग तापलेलं, आनि मी बोटानं ओठ उघडून बघितलं तर जिभेवर, हिरड्यांवर सगळीकडं बारीक फोड. बोटाला रगत लागलं. दहा म्हयन्यांची पोरगी, माझी पयलीच. तशीच पदरात गुंडाळली आनि वाळत टाकलेल्या बोंबलांखालनं धावत सुटले, पायात काय न्हाय, मागनं सासू हाका मारतेय.

दिवेआगरहून बैलगाडीनं श्रीवर्धनच्या दवाखान्यात नेली. तिथं तवा मुंबईची एक डाक्टरीण आली व्हती. म्हनली, "घाबरू नकोस, हे बरं होतं. पण पोटात पाणी गेलं पाहिजे." मांडीवर घेऊन चमच्यानं थेंब थेंब साखरपाणी तिनंच पाजलं. मग विचारलं, "हे तोंडातून तोंडात जातं. घरात कुणाच्या ओठावर फोड आला होता का?"

"माझ्या नणंदेच्या," सासू लगेच म्हनली.

ती माझ्या सासऱ्याची विधवा बहीण. आम्ही तिला आत्या म्हनायचो. आमच्यातच राहायची. होळीला तिच्या ओठावर जर, म्हंजे तापाचा फोड, उठला व्हता.

घरी आल्या आल्या सासूनं तिचं बोचकं दाराबाहेर ठेवलं. "वन्सं, पोरीला बरं हुईस्तोवर चुलतभावाकडं राहा."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी पोरीकडं बघत बसले. कुणाचं तरी नाव निघालं, माझं न्हाय निघालं, म्हनून आतनं बरं वाटलं. खरं सांगते.

पाचव्या दिवशी पोरगी दूध प्यायली. मग डाक्टरीण बाटल्या घेऊन घरी आली. घरातल्या धडधाकट मोठ्या मानसांनी आठवडाभर रोज सकाळी, मिसरी लावायच्या आधी, त्यात थुंकायचं. "काही होत नसलेल्या माणसाच्या थुंकीतूनही हा जंतू मधूनमधून बाहेर पडतो," ती म्हनली. "कितीदा पडतो, ते आम्ही मोजतोय."

"थुंकी परक्याला द्यायची? कुनी करणी केली म्हंजे?" सासू म्हनली.

"जन्मात माझ्याकडं कुनी काय मागितलं न्हाय," सासरा म्हनला. "आन बाटली हिकडं."

आत्या पन रोज यायची. दाराबाहेर उभी राहून थुंकायची, बाटली पायरीवर ठेवायची, जायची. बाटल्या मासळीच्या बर्फात घालून लाँचनं मुंबईला जायच्या. तिथं म्हनं कोंबडीच्या अंड्यात घालून जंतू वाढतो का बघतात.

दीड म्हयन्यानं पोरीला दाखवायला गेले तर डाक्टरणीनं कागद पुढं केला. मी चौथीपर्यंत शिकलेली, नावं तेवढी वाचली.

"आत्याच्या एकाही बाटलीत काही आलं नाही. तुझ्या दोन बाटल्यांत आलं."

"माझ्या ओठावर तर काय न्हाय."

"नसलं तरी येतं. पोरीला कुणापासून लागलं ते मला नाही सांगता येणार. कुणाचंही असेल. यात चूक कुणाचीच नाही."

मला भात आठवला. आमच्यात आई भात चावून मऊ करते आनि पोराच्या तोंडात घालते. माझ्या आईनं मला घातला, मी हिला घालायची, रोज दोन येळा.

तशीच आत्याकडं गेले. ती मासळी परतत व्हती. रडत रडत सगळं सांगितलं.

"घरी बोलू नको," ती म्हनली. "तुझी सासू जन्मभर ऐकवील. मला काय, हितं पन भाकर मिळते."

मी तिचं बोचकं उचललं, तिला हाताला धरून घरी आनलं आनि दारातच सासूला सांगितलं. सासूनं माझ्या हातातलं बोचकं घेतलं, आत नेऊन ठेवलं. मग म्हनली, "वन्सं, आत या. भात निवतोय." त्या दिवसापासनं पोरीचा भात मी वाटीत कुस्करते, आत्याच भरवते.

पोरगी आता पुळणीच्या वाळूत पळते. त्या डाक्टरणीचे उपकार हायत, तिच्या चमच्याचे हायत. आत्याचे तर किती. एक टोमणा मारला न्हाय तिनं आजवर. पन बोचकं दाराबाहेर गेलं तवा मी गप बसले व्हते. तुम्ही असता, मांडीवर पोर तशी तापलेली, तर तुम्ही तोंड उघडलं असतं का?