टॉप नोट कोणी चोरली?

यादवने हिरामावशींचा डबा टेबलावर उपडा केला. दोन तांदळाच्या भाकऱ्या, सुकट आणि कांद्याची एक फोड बाहेर पडली. नोट काही पडली नाही.

"भाकरीच्या घडीत बघा," आमचे मॅनेजर सबनीस साहेब दारातूनच म्हणाले.

यादव आमचा सिक्युरिटी सुपरवायझर, शुद्ध शाकाहारी. सुकटीच्या वासाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ड्युटी ती ड्युटी. त्याने दोन बोटांनी भाकरी उलगडली.

"आता त्या सुकटीलाबी इचार, यादवा," हिरामावशी म्हणाल्या. "तिनं बगलं असंल कोनी नेली ती."

मी बाजूला उभी राहून हे सगळं बघत होते. भिवंडीजवळ कशेळीच्या या गोडाऊनमध्ये मी इन्व्हेंटरी सांभाळते. म्हणजे कुठला माल आला, कुठल्या रॅकवर बसला, तिथून कुठे हलला, हे सगळं माझ्या नजरेखालून जातं. माझ्या सहीशिवाय इथे खोकं एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकत नाही. या गोष्टीचा मला तेव्हा फार अभिमान होता.

भानगड झाली होती एका दाढीच्या साबणावरून. परदेशी साबण. लाकडी वाटीत बसवलेली एक चकती, वाटीवर पितळी झाकण, झाकणावर घोडा. किंमत बत्तीसशे रुपये. माझा नवरा दाढीच्या क्रीमची ट्यूब संपत आली की ओट्यावर ठेवून लाटण्याने लाटतो आणि पुढचे पंधरा दिवस काढतो. त्या माणसाची बायको म्हणून सांगते, हा माल पहिल्यांदा आला तेव्हा मी मोठ्याने हसले होते. साबण तो साबण. फेस होतो आणि नळाखाली जातो.

तर बंगळूरच्या एका ग्राहकाने वाटी परत पाठवली. ऑनलाइन माल परत आला की सोबत कारण येतं, त्याला आम्ही रीझन म्हणतो. बहुतेक वेळा रीझन असतं 'साइज चुकला' नाहीतर 'बायकोला आवडलं नाही'. या गृहस्थांनी लिहिलं होतं की टॉप नोट पूर्णपणे गायब आहे, फक्त बेस नोट मिळाली, एवढे पैसे मोजून ही सरळ सरळ फसवणूक आहे.

सबनीस साहेबांनी ते तीनदा वाचलं. साहेब पुण्याहून बदलून आलेले. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचा फॉर्म असतो, आणि फॉर्म नसेल तर ती गोष्ट घडलेली नसते. त्यांनी साबणाचं माहितीपत्रक मागवलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं, थ्री नोट्स. टॉप, हार्ट, बेस.

"म्हणजे कंपनी प्रत्येक बॉक्समध्ये तीन नोटा ठेवते," साहेब म्हणाले. "स्कीम असणार. एक वर, एक मधे, एक तळाला. तळाची मिळाली, वरची गेली."

"साहब, कितने का नोट होगा?" यादवने विचारलं.

"लक्झरी आयटम आहे. पाचशेच्या खाली नसेल."

आता वाचणाऱ्याला वाटेल, तिघांत एकालाही कळू नये? नाही कळलं. भिवंडीत नोट म्हणजे नोट. खिशातली. दुसरी नोट आम्हांला ठाऊकच नव्हती.

साहेबांनी स्टॉकमधले बारा बॉक्स फोडायला लावले. एकाही बॉक्समध्ये नोट नव्हती. वरची नाही, मधली नाही, तळाचीही नाही. यावरून कोणालाही शंका आली असती की नोटा मुळात नसतीलच. साहेबांना वेगळीच शंका आली.

"छत्तीस नोटा! ही टोळी आहे."

"साहेब, बॉक्सला प्लास्टिकचं सील असतं," मी म्हणाले. "सील न फोडता नोट काढणार कशी?"

"तोच तर सराईतपणा."

त्या लाइनवर पॅकिंगला हिरामावशी होत्या. साठीच्या घरातल्या, कशेळी गावच्याच. आमचा लोडिंग डॉक जिथे आहे तिथे पूर्वी त्यांच्या सासऱ्यांचं भाताचं खाचर होतं. जमीन गेली, पैसे आले, दिरांनी बंगले बांधले. मावशींच्या नवऱ्याने वाट्याला आलेलं सगळं उधळलं आणि मावशी स्वतःच्याच खाचरात शिफ्टला यायला लागल्या. त्यांची सून त्याच लाइनवर, शेजारच्या टेबलाला. सासूचा डबा उपडा होताना ती टेप लावायची थांबली होती. सगळी लाइनच थांबली होती.

"मना नोट दिसलीच न्हाय तं मी घेन कशी?" मावशी म्हणाल्या. "वज्रेसरीची आन. मी या जमिनीन कापलेलं भात कधी कुनाचं उचललं न्हाय, आनि तुमची नोट उचलीन?"

"इन्क्वायरी होईपर्यंत गेट पास जमा करा," साहेब म्हणाले.

मावशींनी गळ्यातला पास काढून टेबलावर ठेवला. भाकऱ्या एकीवर एक ठेवल्या, सुकट बोटांनी गोळा केली, डबा बंद केला. जाताना माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बाय, गावान काय सांगू?" खरं सांगायचं तर मला त्या निर्दोष वाटत होत्या, आणि तरीही मी गप्प बसले.

इकडे हेड ऑफिसचा मेल आला. ग्राहकाला नवीन वाटी पाठवा, या वेळी टॉप नोट नीट आहे याची मॅनेजरने स्वतः खात्री करावी.

साहेबांनी स्वतः खात्री केली. पाकिटातून एक करकरीत दहाची नोट काढली आणि साबणाच्या वर ठेवली.

"दहाच?" मी विचारलं.

"किती रुपयांची ते त्याने कुठे लिहिलंय?"

मग त्यांना वाटलं, अर्धवट काम नको. चकती आणि वाटीच्या फटीत त्यांनी विसाची नोट खोचली. ती हार्ट. आणि वाटीच्या खाली पन्नासची. "बेस मजबूत पाहिजे," म्हणाले. वर पितळी झाकण लावलं, सील मारलं, पार्सल त्याच दुपारच्या गाडीने गेलं.

संध्याकाळी मी कामतघरला घरी जायची ती रिक्षा मंडईकडे वळवली. पिशवीत फोडलेल्यांपैकी एक वाटी होती. फोडलेला माल विकता येत नाही, तो स्क्रॅपमध्ये जातो, म्हणून रीतसर पास करून घेतली होती. माहितीपत्रकात ऊद असा एक शब्द दिसला होता. ऊद म्हटलं की आमच्याकडे एकच माणूस, अत्तरवाले शब्बीरचाचा. आमच्या लग्नातलं अत्तर त्यांच्याच दुकानातलं. या धंद्यात नोटा ठेवायची पद्धत असेल तर त्यांना माहीत असणार.

मी विचारलं, "चाचा, अत्तराच्या डब्यात नोट ठेवतात का हो?"

चाचांनी आधी मला प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग माहितीपत्रक वाचलं. मग चष्मा काढून गल्ल्यावर डोकं टेकवलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते. शेजारचा टोप्यांवाला बघायला आला, चाचा पडले की काय म्हणून.

"अगं बेटी, ही पैशाची नोट नाय. वासाची पायरी हाय." त्यांनी कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेतला आणि माझ्या नाकाशी धरला. "काय येतं?"

"लिंबू."

"ही वरची. टॉप. ही पाहुण्यासारखी, चहा घेतला की निघाली. जरा थांब." थोड्या वेळाने पुन्हा धरला. आता गुलाब होता. "ही मधली, घरची माणसं. आणि उद्या सकाळी ह्या कापसाला जो वास उरेल तो बेस. म्हाताऱ्यासारखा, घर सोडून जात नाय."

मग त्यांनी माझी वाटी उचलली, हुंगली आणि भुवया वर केल्या. "ऊद तर असली हाय. माल खरा हाय. पण वरचा लिंबासंत्र्याचा वास पुरा उडाला. ठेवलावता कुठं? पत्र्याखाली?"

पत्र्याखालीच.

एप्रिलात चॉकलेटचा मोठा लॉट आला होता. आमच्याकडे एसी रूम एकच. तिथे हे साबण होते. मी म्हणाले होते, साबण काय वितळतोय? आणि सगळा लॉट मेझनाइनवर चढवला. मेझनाइन म्हणजे गोडाऊनमधला लोखंडी पोटमाळा. वर थेट पत्रा. मे महिन्यात तिथे हात टेकवत नाही. ट्रान्सफरच्या कागदावर सही माझी. मी स्क्रॅपच्या वाटीचं खोकं उलटं करून पाहिलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, थंड जागी ठेवा.

म्हणजे टॉप नोट खरंच चोरीला गेली होती. नेली उन्हाने, आणि दार उघडून दिलं मी.

"चाचा, एवढे पैसे द्यावे असं आहे का ह्यात?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"माल चांगला हाय. पण बेटी, अत्तर माणूस लावतो आणि दिवसभर घेऊन फिरतो. हे लावायचं आणि पाच मिनिटांत धुऊन टाकायचं. आता ज्याला परवडतं तो धुवो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये सगळं सांगितलं. नोट म्हणजे काय, पत्रा, एप्रिल, माझी सही. साहेब ऐकत होते तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला. त्यांना मावशी आठवल्या नव्हत्या, दहा, वीस आणि पन्नास आठवले होते.

"पार्सल गेलं?"

"गेलं."

साहेबांनी पंखा पाचवर केला. मग म्हणाले, "सरिता मॅडम, आपण हे वाढवायला नको. इन्क्वायरी आपोआप थंड पडेल. रिपोर्टमध्ये 'वास चोरीला गेला' असं मी लिहू कसं? तसा कॉलम नाही."

"मग मी लिहून देते. साध्या कागदावर."

"तुम्हांला मेमो मिळेल."

"मिळू दे. आधी हिरामावशींचं नाव काढा."

यादव दारात उभा होता. "तो फिर चोर कौन, मॅडम?"

"धूप."

तो विचारात पडला. उन्हाची तपासणी कुठल्या गेटवर करायची, हे त्याच्या ट्रेनिंगमध्ये नव्हतं.

मी कागद लिहिला. मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. तो घेताना वाईट वाटलं, पण आदल्या दिवशी गप्प बसताना वाटलं होतं तेवढं नाही.

हिरामावशींना आणायला मीच गेले. अंगणात सुकट वाळत घालत होत्या. सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, "डबा सगल्यांसमोर उलटा केला. मंग माफीबी सगल्यांसमोर मांगा."

मागितली. शिफ्ट सुरू होताना, पूर्ण लाइनसमोर, सुनेच्या टेबलाशेजारी. आधी मी, मग यादव, मग साहेब. साहेबांनी इंग्रजीत मागितली, मावशींनी ती मराठीत पुन्हा मागायला लावली. मग मावशींनी डबा उघडून यादवसमोर धरला. "माजे डब्यान हात घातलास ना? आता माजे हातचं खा." यादवने भाकरी खाल्ली, सुकट तेवढी टाळली. तेवढ्यावर मिटलं.

आता प्रश्न उरला स्टॉकचा. लॉट परत एसीत आणला, पण कुठल्या वाटीचा वास उडालाय आणि कुठल्या वाटीचा शिल्लक आहे, हे सांगणार कोण? तपासून पुन्हा सील मारायची परवानगी हेड ऑफिसने दिली, पण वास तपासायचं मशीन दिलं नाही. आम्ही चार-पाच जणांनी हुंगून पाहिलं, दहाव्या वाटीला नाकं बंद पडली. हिरामावशींनी मात्र टेबलापाशी बसून एकेक वाटी नाकाशी नेली. "हाय. हाय. न्हाय. हाय. न्हाय." खात्री करायला मी त्याच वाट्या उलटसुलट करून पुन्हा दिल्या. एकही उत्तर बदललं नाही.

"मावशी, कसं कळतं?"

"जनम गेला बाजारान. बोंबील आजचा का कालचा, ते डोल्यांनी बगतान काय?"

साहेबांनी त्यासाठी लगेच फॉर्म काढला. त्यात दोनच कॉलम आहेत, हाय आणि न्हाय.

आठवड्याने बंगळूरचा रिव्ह्यू आला. पाच स्टार. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून वाचायला दिला. गृहस्थांनी लिहिलं होतं की या वेळी टॉप नोट अप्रतिम आहे, झाकण उघडताच कोरी, कागदी, शाईची हलकी झाक येते, असा धीट प्रयोग आपण कुठल्याच साबणात अनुभवला नव्हता, पैसा वसूल. ऐंशी रुपयांबद्दल एक अक्षर नाही. खाली हेड ऑफिसची विचारणा होती, ही कुठली बॅच, अजून किती शिल्लक आहे?

मी वाटीचा नंबर काढून पाहिला. ती वाटीही मेझनाइनवरचीच, पत्र्याला लागलेल्या रॅकवरची होती. आतला साबण 'न्हाय'च असणार.

डबा खाताना हे मी मावशींना सांगितलं. त्यांनी घास गिळला आणि म्हणाल्या, "मंग त्याला पुडचे टायमाला निस्ती नोटच पाठवा. साबन कशाला वाया घालवताव?"

स्क्रॅपची वाटी मी नवऱ्याला दिली. फेस चांगला होतो म्हणाला, आणि पुन्हा ट्यूबकडे वळला. साबण बत्तीसशेचा आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मी एवढंच शिकले की गोडाऊनमध्ये काही गायब झालं, तर लोकांचे डबे उघडण्याआधी ट्रान्सफरचा कागद काढावा आणि खाली सही कोणाची आहे ते बघावं.